घर बांधायच्या नादात कर्जात बुडालेला लेखक आज बँकेच्या नोटेवर आहे

तुम्ही स्कॉटलंडला गेलात आणि हातात बँक ऑफ स्कॉटलंडची नोट पडली, तर तिच्यावर एका माणसाचा चेहरा दिसेल. नोट पाचाची असो, दहाची असो की वीसची, चेहरा तोच.

नोटेवर फोटो म्हटल्यावर आपल्याला वाटतं की हा कुणीतरी राजा असेल, मोठा पुढारी असेल, नाहीतर बँक काढणारा शेठ असेल.

पण हा गडी होता कादंबरीकार. आणि खरी गंमत पुढे आहे. हा माणूस वारला तेव्हा त्याच्या डोक्यावर हजारो पौंडांचं कर्ज शिल्लक होतं.

त्याचं नाव सर वॉल्टर स्कॉट. त्याच्या कर्जाच्या गोष्टीच्या मधोमध उभं आहे एक घर. त्या घराचं नाव ॲबट्सफर्ड. हे घर त्याने न लिहिलेल्या पुस्तकांच्या पैशावर बांधलं, आणि नंतर ती पुस्तकं लिहिता लिहिता तो संपला.

तर हा नेमका किस्सा काय आहे, तेच सांगतो.

स्कॉटचा जन्म १५ ऑगस्ट १७७१ चा, गाव एडिनबरा. वडील वकिली पेशातले, आई एका डॉक्टर प्राध्यापकाची मुलगी. खातंपितं, बऱ्यापैकी घर. पण पोर दीड वर्षाचं असताना आजारी पडलं आणि त्याचा उजवा पाय लुळा पडला. तो पोलिओ असावा असं आज मानतात. तेव्हा हे नाव कुणाला माहीत नव्हतं, त्यामुळे जो जे सांगेल ते उपाय सुरू होते. एका उपायात तर नुकत्याच कापलेल्या मेंढीच्या ओल्या कातड्यात पोराला गुंडाळून ठेवायचे.

शहरापेक्षा गावची हवा बरी, म्हणून त्याला आजोबांच्या शेतावर पाठवलं. हा भाग स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या सीमेवरचा. शेताच्या शेजारी स्मेलहोम नावाचा जुना दगडी बुरूज होता. शेकडो वर्षं या सीमेवर दोन्ही बाजूंच्या टोळ्या एकमेकांची गुरं पळवायच्या, गावं जाळायच्या, सूड घ्यायच्या. त्या सगळ्यावर लोकांनी पोवाड्यासारखी गाणी रचली होती.

चालता न येणारा पोरगा गवतावर पडून ती गाणी आत्याकडून ऐकायचा. पाय पुढे थोडाफार सुधारला, पण लंगडणं आयुष्यभर राहिलं. आणि डोक्यात बसलेले ते बुरूज, त्या तलवारी आणि ती गाणीही आयुष्यभर राहिली.

मोठा झाल्यावर तो वडिलांसारखाच कायद्याकडे वळला आणि १७९२ मध्ये वकील झाला. १७९७ मध्ये फ्रेंच वंशाच्या शार्लटशी त्याचं लग्न झालं. १७९९ मध्ये सेलकर्कशर भागाचा शेरीफ म्हणून नेमणूक झाली. हे काम म्हणजे त्या भागाचा न्यायाधीशच म्हणा ना. पुढे एडिनबराच्या वरिष्ठ कोर्टात कारकुनाची मानाची जागाही मिळाली. म्हणजे दोन सरकारी नोकऱ्या, पगार चालू, घर चालू.

पण या साहेबांचं लक्ष फायलींपेक्षा गाण्यांत जास्त होतं. सीमेवरच्या खेड्यापाड्यांत हिंडून त्याने लोकगीतं गोळा केली आणि १८०२ पासून ती छापली. मग स्वतःची दीर्घ कथाकाव्यं लिहिली. १८१० मध्ये त्याचं 'द लेडी ऑफ द लेक' आलं आणि लोक अक्षरशः वेडे झाले. काव्यातलं तळं बघायला पर्यटकांची रीघ लागली. आज सिनेमात दिसलेल्या ठिकाणी लोक रील काढायला जातात, तसाच हा प्रकार.

आता येतो घराचा विषय.

१८११ मध्ये त्याच्या भाड्याच्या घराची मुदत संपत आली होती. तेव्हा त्याने ट्वीड नदीच्या काठावर मेलरोझ गावाजवळ साधारण ११० एकरांचं शेत विकत घेतलं. किंमत चार हजार पौंडांच्या वर. शेताचं खरं नाव कार्टलेहोल, पण लोक त्याला टिंगलीने क्लार्टी होल म्हणायचे. म्हणजे चिखलाचं डबकं.

अशा नावाच्या जागी मोठ्या लेखकाने कसं राहायचं? स्कॉटने नाव बदललं. मेलरोझच्या जुन्या मठातले साधू पूर्वी इथल्या उतारावरून नदी ओलांडायचे, अशी समजूत होती. ॲबट म्हणजे मठाधिपती आणि फर्ड म्हणजे नदीचा उतार. झालं ॲबट्सफर्ड.

पण लक्षात घ्या, पहिल्याच दिवशी काय घडलं. जागेसाठी लागणारे पैसे त्याने काही भावाकडून उसने घेतले आणि काही प्रकाशकाकडून उचल म्हणून घेतले. ही उचल होती अजून न लिहिलेल्या एका काव्यावर.

म्हणजे पाया घातला तोच उधारीवर.

१८१२ मध्ये कुटुंब तिथे राहायला आलं. तिथे होतं एक छोटं शेतघर आणि गोठा. आणि तिथेच त्याच्या हाती एक जुनं हस्तलिखित लागलं. स्कॉटने स्वतः सांगितल्याप्रमाणे, तो मासेमारीचं सामान शोधत होता आणि कपाटात वर्षांपूर्वी अर्धवट टाकलेल्या कादंबरीची पानं सापडली. ती त्याने पूर्ण केली आणि जुलै १८१४ मध्ये स्वतःचं नाव न घालता छापली.

तीच 'वेव्हर्ली'. तिथून युरोपात ऐतिहासिक कादंबरीचं युग सुरू झालं असं मानतात.

पुढे 'रॉब रॉय', 'आयव्हन्हो' अशी रांगच लागली. मुखपृष्ठावर लेखकाचं नाव कधीच नाही, फक्त वेव्हर्लीचा लेखक एवढंच. हा लेखक कोण, यावर सगळीकडे पैजा लागायच्या. पहाटे उठून नाश्त्याच्या आत हा माणूस दिवसाचं लिखाण उरकायचा आणि नंतर दिवसभर पाहुण्यांसोबत फिरायचा. त्यामुळे हा एवढं लिहितो कधी, हे घरी राहिलेल्या पाहुण्यांनाही कळायचं नाही.

पैसा यायला लागला तसं घर वाढायला लागलं.

१८१७ ते १८१९ मध्ये शेतघराला जोडून जेवणघर, लिहायची खोली आणि शस्त्रांची खोली बांधली. तरी मन भरलं नाही. १८२२ मध्ये जुनं शेतघर पाडलं आणि त्या जागी मोठा वाडा उभा करायला घेतला. तो १८२४ च्या सुमारास पूर्ण झाला. विल्यम ॲटकिन्सन हा मुख्य वास्तुविशारद, एडवर्ड ब्लोर यानेही नकाशांना हातभार लावला, आणि प्रत्यक्ष बांधकाम होतं शेजारच्या डार्निक गावच्या जॉन स्मिथकडे. पण प्रत्येक गोष्टीत नाक खुपसणारा माणूस एकच, तो म्हणजे मालक.

त्या काळात श्रीमंत लोक घर बांधायचे ते ग्रीक-रोमन धाटणीचं. सरळ रेषा, खांब, डावी बाजू तशीच उजवी बाजू. स्कॉटने ते सगळं बाजूला ठेवलं. त्याला हवा होता लहानपणी पाहिलेला सीमेवरचा गढीवाडा. म्हणून कोपऱ्यांवर छोटे बुरूज आले. छपराच्या टोकाला पायऱ्यांसारख्या चढत जाणाऱ्या भिंती आल्या. डावी बाजू उजवीसारखी नाही, कुठे उंच, कुठे बसकं. जणू तीनशे वर्षांत पिढ्यांनी थोडं थोडं वाढवलेलं घर.

आणि हे सगळं बांधून झालं किती वर्षांत? मुख्य काम सात-आठ वर्षांत.

शिवाय साहेबांना जुन्या वस्तूंचं भारी वेड. एडिनबरातला टोलबूथ नावाचा जुना तुरुंग १८१७ मध्ये पाडला, तर त्याचा दरवाजा आणून आपल्या भिंतीत बसवला. प्रवेशाची कमान लिनलिथगो राजवाड्यावरून उचलली. ग्रंथालयाच्या छतावरची नक्षी रॉसलिनच्या चर्चवरून घेतली. दिवाणखान्याच्या छताखाली सीमेवरच्या घराण्यांची ढालचिन्हं रंगवून घेतली. रॉब रॉयची बंदूक जमवली. १८१५ मध्ये वॉटर्लूची लढाई झाल्यावर काही आठवड्यांतच तो रणांगणावर गेला आणि तिथून सैनिकांची चिलखतं घेऊन आला.

गंमत म्हणजे बाहेरून मध्ययुगीन दिसणाऱ्या या वाड्यात आत दिवे गॅसचे होते. इतक्या लवकर गॅसचे दिवे लावलेली घरं तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

लिहायच्या खोलीत मात्र थाट कमी. सगळीकडे पुस्तकं आणि वर चढून जायला एक अरुंद सज्जा. सज्जाच्या टोकाला छोटंसं दार, ते थेट झोपायच्या खोलीकडे. पहाटे कुणालाही न उठवता खाली उतरायचं आणि लिहायला बसायचं, यासाठी ही सोय. संपूर्ण वाड्यात मिळून पुस्तकं किती? नऊ हजारांच्या वर.

माणूसही दिलदार होता. टॉम पर्डी नावाचा एक जण चोरून शिकार केली म्हणून शेरीफ स्कॉटसमोर उभा केला गेला. स्कॉटला त्याची हकिगत ऐकून दया आली आणि त्याने त्याला शिक्षेऐवजी कामावर ठेवलं. तो पुढे मरेपर्यंत त्याचा उजवा हात होऊन राहिला.

१८२० मध्ये स्कॉटला बॅरोनेट हा किताब मिळाला, म्हणजे वंशपरंपरेने चालणारं 'सर'. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला, तेव्हा सगळ्या सोहळ्याची आखणी स्कॉटने केली. स्वतः राजाला चौकड्यांचा स्कॉटिश पोशाख घालायला लावला. आज स्कॉटलंड म्हटलं की जे चित्र डोळ्यांसमोर येतं, त्यात या माणसाचा मोठा हात आहे.

आता त्याला एकच ध्यास होता. ॲबट्सफर्डचे स्कॉट म्हणून आपलं घराणं पिढ्यान्‌पिढ्या नांदावं. त्यासाठी शेजारची शेतं विकत घेणं सुरू झालं. शेतकऱ्यांनाही कळलं होतं की साहेबाला जमिनीचा नाद आहे, मग भावही चढे. ११० एकरांचे बघता बघता सुमारे १४०० एकर झाले.

आणि या सगळ्याला पैसा कुठून?

इथे त्याचं एक गुपित होतं. शाळेपासूनचा मित्र जेम्स बॅलंटाइन याच्या छापखान्यात स्कॉट १८०५ पासून छुपा भागीदार होता. कोर्टातल्या माणसाने धंदा करणं तेव्हा कमीपणाचं, म्हणून नाव गुप्त. त्याचा प्रकाशक होता आर्चिबाल्ड कॉन्स्टेबल. कॉन्स्टेबल स्कॉटला अजून न लिहिलेल्या कादंबऱ्यांसाठी हुंड्या द्यायचा. छापखाना कॉन्स्टेबलच्या हुंडीला जामीन, कॉन्स्टेबल छापखान्याच्या हुंडीला जामीन. मुदत संपली की जुनी हुंडी नव्या हुंडीने भागवायची.

म्हणजे एका क्रेडिट कार्डचं बिल दुसऱ्या क्रेडिट कार्डने भरायचं, तसा कारभार. जोवर बाजार तेजीत, तोवर सगळं झकास.

पण १८२५ च्या शेवटी लंडनचा बाजार कोसळला. दक्षिण अमेरिकेतल्या सट्ट्यात पैसे अडकले होते, बँका धडाधड बंद पडल्या. कॉन्स्टेबलचे लंडनमधले व्यापारी भागीदार बुडाले. त्यांच्यामागे कॉन्स्टेबल, त्याच्यामागे छापखाना. आणि छापखान्याचा छुपा भागीदार कोण, हे आता सगळ्यांना कळलं.

जानेवारी १८२६. स्कॉटच्या डोक्यावर सव्वा लाख पौंडांच्या आसपास देणं निघालं. त्याच्या दोन्ही नोकऱ्यांचा पगार धरला तरी वर्षाला दोन हजार पौंडही होत नव्हते. हिशोब तुम्हीच करा. वय होतं ५४.

यात सगळा दोष बाजाराचा नव्हता. स्कॉटने छापखान्याचे हिशोब कधी नीट बघितलेच नाहीत. हातात नसलेल्या पैशावर त्याने जमीन घेतली, वाडा बांधला, पाहुण्यांच्या पंगती उठवल्या. महिनाभर आधीच, डिसेंबर १८२५ मध्ये, कॉन्स्टेबलला सावरायला म्हणून त्याने ॲबट्सफर्डवर दहा हजार पौंडांचं कर्जही काढलं होतं.

आता त्याच्यासमोर सोपा रस्ता होता. दिवाळखोरी जाहीर करायची, जे आहे ते वाटून टाकायचं आणि मोकळं व्हायचं. कायद्याने ते चाललं असतं. घरही बऱ्यापैकी सुरक्षित होतं, कारण १८२५ मध्ये थोरल्या मुलाच्या लग्नात ते त्याच्या नावे करून दिलं होतं. ही व्यवस्था मोडून काढायची का, असा प्रश्नही तेव्हा निघाला. पण शेवटी घराला हात लागला नाही.

मित्रांनी पैसे देऊ केले, ते स्कॉटने नाकारले. त्याने पैसे देणं असलेल्या लोकांना एवढंच मागितलं की मला वेळ द्या, मी लिहून फेडतो.

त्यांनी मान्य केलं. विश्वस्त नेमले गेले आणि स्कॉट पुढे जे लिहील त्याची कमाई त्यांच्याकडे जमा होणार असं ठरलं. एडिनबरातलं ३९, कॅसल स्ट्रीटचं घर विकलं. वाड्यातली माणसं कमी केली, पंगती बंद झाल्या. त्याच वर्षी मे महिन्यात पत्नी शार्लट वारली.

आणि बघा, याच काळात त्याने अजून एक काम केलं. बाजार कोसळल्यावर लंडनच्या सरकारने ठरवलं की पाच पौंडांहून लहान नोटा बंद करायच्या. स्कॉटलंडचा सगळा रोजचा व्यवहार तर एक पौंडाच्या नोटेवर चालायचा. स्वतः कंगाल झालेल्या स्कॉटने टोपणनावाने तीन पत्रं वर्तमानपत्रात छापली आणि सरकारवर अशी टीका केली की स्कॉटलंडपुरता तो बेत मागे घ्यावा लागला. स्कॉटिश बँकांच्या नोटा वाचल्या.

नोटेवर त्याचा चेहरा का, त्याचं उत्तर हे आहे.

मग सुरू झालं लिखाणाचं गाडं. कादंबरी, मग नऊ खंडांचं नेपोलियनचं चरित्र, मग परत कादंबरी. १८२७ मध्ये एका मेजवानीत त्याने वेव्हर्लीचा लेखक आपणच असल्याचं जाहीरपणे मान्य केलं. लपवायला आता काही उरलंच नव्हतं. पहिल्या दोन वर्षांतच त्याने जवळपास ४० हजार पौंड फेडले. एवढं कुणालाही अपेक्षित नव्हतं.

१८२९ पासून त्याच्या सगळ्या कादंबऱ्यांची नवी आवृत्ती निघाली. दर महिन्याला एक छोटा खंड, किंमत फक्त पाच शिलिंग. नवी तीन खंडी कादंबरी तेव्हा साडेएकतीस शिलिंगला पडायची, म्हणजे सामान्य घराला परवडायचीच नाही. या स्वस्त खंडांवर लोक तुटून पडले. कर्ज फेडण्यासाठी काढलेल्या योजनेमुळे पुस्तकं मध्यमवर्गाच्या घरात पोचली.

पण शरीर थकत होतं. १८३० मध्ये त्याला पक्षाघाताचा पहिला झटका आला. डॉक्टर म्हणत होते थांबा, हा थांबत नव्हता. डिसेंबर १८३० मध्ये देणेकऱ्यांनी एक सुंदर गोष्ट केली. त्याची पुस्तकं, फर्निचर, जमवलेल्या वस्तू, जे खरं तर विकून पैसे वसूल करता आले असते, ते सगळं त्यांनी त्याला भेट म्हणून परत दिलं.

१८३१ मध्ये सरकारने आपल्या जहाजातून त्याला हवापालटासाठी माल्टा आणि इटलीकडे पाठवलं. तिथे आणखी खालावल्यावर त्याने घरी जायचा हट्ट धरला. जुलै १८३२ मध्ये तो ॲबट्सफर्डला परतला तेव्हा भान हरपत चाललं होतं, पण टेकड्यांच्या रेषा दिसताच त्याने त्या ओळखल्या.

काही दिवसांनी त्याने लिहायच्या खोलीत नेऊन बसवायला सांगितलं. मुलीने हातात पेन दिलं. बोटं मिटली नाहीत, पेन कागदावर गळून पडलं. तो मागे टेकून मुकाट रडला. ही हकिगत त्याचा जावई आणि चरित्रकार लॉकहार्ट याने लिहून ठेवली आहे.

२१ सप्टेंबर १८३२ ला तो जेवणघरात, नदीकडे उघडणाऱ्या खिडकीजवळ वारला. बाहेर ट्वीडच्या पाण्याचा आवाज येत होता, असंही जावई सांगतो.

आणि कर्ज? निम्म्याहून जास्त त्याने हयातीत फेडलं होतं. उरलेलं विम्याच्या पैशातून आणि पुस्तकांच्या हक्कांतून फिटलं. घरावरच्या कर्जासकट सगळं मिटायला १८४७ साल उजाडलं.

पण ज्या घराण्यासाठी हा खटाटोप केला, त्याचं काय झालं? त्याची चारही मुलं बापाच्या मागे १५ वर्षांत गेली. थोरला वॉल्टर लष्करात होता आणि त्याची पलटण भारतात, बंगळूरला होती. तिथून परतताना तो जहाजावरच वारला. त्याला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे बॅरोनेटचा किताबही संपला.

साल कोणतं? तेच, १८४७. घर कर्जातून सुटलं त्याच वर्षी स्कॉटचा शेवटचा मुलगा गेला.

पुढे घर नातीकडे, मग तिच्या वंशजांकडे गेलं. २००४ मध्ये त्यातल्या शेवटच्या वारस वारल्या. तेव्हापासून एक ट्रस्ट ते सांभाळतो. लोकांसाठी मात्र हे घर १८३३ पासूनच खुलं आहे. बुरूज आणि पायऱ्यांच्या भिंती असलेली ती धाटणी पुढे स्कॉटलंडभर पसरली. राणी व्हिक्टोरियाचा बाल्मोरल वाडाही त्याच वळणाचा.

आपल्याकडेही या माणसाचा धागा पोचतो. पेशवाईच्या अखेरीस दुसरा बाजीराव ज्या जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला आणि जो पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला, तो स्कॉटच्याच सीमाभागातला आणि त्याच्या ओळखीतला. आणि मराठीत ऐतिहासिक कादंबरी रुजवणाऱ्या ह. ना. आपट्यांवर स्कॉटच्या कादंबऱ्यांचा प्रभाव होता, असं अभ्यासक सांगतात. 'उषःकाल' वाचताना रात्र जागवलेल्या मराठी वाचकाने ट्वीड नदी पाहिली नसेल, पण तिच्या काठावरचं थोडंसं काहीतरी त्याच्यापर्यंत आलं होतं.

घर बांधायचं स्वप्न आणि कर्जाचे हप्ते, हे काय आपल्याला नवीन नाही. स्कॉटने चुका केल्या, मोठ्या केल्या. हौस ऐपतीच्या पुढे गेली आणि हिशोबाकडे पाठ फिरवली. पण बिल समोर आलं तेव्हा तो पळाला नाही, टेबलापाशी जाऊन बसला.

घराणं राहिलं नाही. घर राहिलं, पुस्तकं राहिली. आणि ज्याचा स्वतःचा हिशोब आयुष्यभर जुळला नाही, त्याचा चेहरा आज दुसऱ्यांच्या पाकिटात फिरतोय.